दोन बोटांच्या मधलं मुरबाड

कल्याणच्या पुढे मध्य रेल्वेला दोन फाटे फुटतात. एक टिटवाळा, खडवली, वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी करत कसाऱ्याला जातो. दुसरा अंबरनाथ, बदलापूर, नेरळ करत कर्जतला. पहिल्या फाट्यावर शहापूर तालुका आहे. दोन्ही फाट्यांच्या मधे, मागे सह्याद्रीची भिंत घेऊन जो त्रिकोणी मुलूख उरतो, तो मुरबाड तालुका. तिथे रेल्वे नाही. कल्याणहून एसटी, जीप नाहीतर आपली दुचाकी. मी मुरबाड तालुक्यातल्या सरळगावकडची, त्यामुळे हा नकाशा मला लहानपणापासून पाठ होता. पण असाच एक नकाशा समोर ठेवून एका देशाने आपली राजधानी वाढवली, हे मला कोपनहेगनला गेल्यावर कळलं.

१९४७ साली स्टीन आयलर रासमुसन आणि पीटर ब्रेड्सडॉर्फ या नियोजनकारांच्या गटाने कोपनहेगनसाठी जो आराखडा केला, तो बोटांचा आराखडा म्हणूनच ओळखला जातो. जुनं शहर हा तळहात. त्यातून निघणारी पाच बोटं म्हणजे उपनगरी रेल्वेच्या पाच दिशा. नवी घरं, शाळा, दुकानं, कचेऱ्या या बोटांवर यायच्या आणि बोटांच्या बेचक्यांत शेतं, रानं, तळी राहू द्यायची. बेचकी राखायचं कारण नुसतं सौंदर्य नव्हतं. माणसं रुळांच्या जवळ राहिली तर गाड्या भरून धावतील, नळ आणि वीजवाहिन्या आखूड राहतील आणि शहरातल्या माणसाला हिरवळ पायी गाठता येईल, असा तो हिशोब होता.

हिलेरॉडच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसून मी एक बोट टोकापर्यंत पाहिलं. डब्यात माणसं सायकली घेऊन चढत होती. २०१० पासून तिथे उपनगरी गाडीत सायकलीला तिकीट लागत नाही. मधल्याच एका स्टेशनावर उतरून रुळांपासून बाजूला चालत राहिले. दुकानं संपली, तीन-चार मजली घरं संपली, मग बैठी घरं, मग थेट शेत. गावाची हद्द इतकी स्पष्ट मी आपल्याकडे अलीकडे कुठे पाहिलेली नाही.

आराखडा तिथेही जसाच्या तसा पाळला गेला, असं मुळीच नाही. साठच्या दशकात मोटारी वाढल्या आणि घरं काही बेचक्यांत घुसली. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा डेन्मार्कची बहुतेक सारी ऊर्जा आयात तेलावर चालत होती. रविवारी मोटारी बंद ठेवायची पाळी आली. त्या धक्क्यातून १९७९ चा उष्णतापुरवठा कायदा आला. वीजकेंद्रातलं वाया जाणारं गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून घरोघर पोहोचवायची व्यवस्था पसरत गेली, आणि आज कोपनहेगनमधली जवळजवळ सगळी घरं तिच्यावर उबदार राहतात. ही व्यवस्था परवडते ती घरं एकमेकांजवळ असल्यामुळे. विखुरलेल्या बंगल्यांपर्यंत गरम पाण्याचा नळ नेला तर उष्णता वाटेतच संपते. बोटांच्या आराखड्याला २००७ साली नियोजन कायद्याखाली बंधनकारक रूपही मिळालं.

ऊर्जाबचत म्हटलं की आपण एलईडी बल्ब, पंचतारांकित फ्रिज आणि छतावरच्या सौर पट्ट्या यांच्याकडे बोट दाखवतो. त्यांची गरज आहेच. पण गाव किती ऊर्जा खाणार, हे पहिला बल्ब लागायच्या आधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं. घर आणि स्टेशन यांत अंतर किती, पाणी उतारावरून येतं की मोटारीने चढवावं लागतं, भिंतीवर ऊन पडतं की सावली, यांतून ते ठरतं. युरोपातून परतल्यावर मी शहापूर ते मुरबाड हा आपल्या पायाखालचा रस्ता पुन्हा केला, तो हेच तपासत.

सुरुवात आसनगावपासून. वाशिंदपर्यंत रेल्वे आली १८५५ साली, आणि कसाऱ्यापर्यंत १८६१ च्या पहिल्या दिवशी. म्हणजे शहापूर तालुक्याच्या अंगणात रेल्वे दीडशे वर्षांहून अधिक काळ उभी आहे. मुंबईजवळची घरं हाताबाहेर गेली, तसे नोकरदार कल्याणच्या पुढे आले, टिटवाळ्याच्या पुढे आले, आणि आता वाशिंद-आसनगावच्या आसपास टॉवर उभे राहताहेत. त्यांतल्या पुष्कळ इमारती स्टेशनला पाठ करून उभ्या आहेत. जिथे जमीन एकगठ्ठा मिळाली तिथे संकुल. मग सकाळच्या लोकलसाठी शेअर रिक्षा, नाहीतर दुचाकी.

एका माणसाचा हिशोब मांडून पाहते. घर स्टेशनपासून पाच किलोमीटर. दुचाकीने जाऊन-येऊन रोज १०, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३,००० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर धरले तर ६० लिटर पेट्रोल. एका लिटरमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, म्हणजे वर्षाला ५४० युनिट. आता ६० वॅटचा जुना बल्ब काढून त्याच जागी ९ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला वाचतात ९३ युनिट. घर स्टेशनपासून लांब बांधल्याने एका माणसामागे जी ऊर्जा जाते, ती भरून काढायला जवळजवळ सहा बल्ब बदलावे लागतात. आणि हा हिशोब दुचाकीचा आहे, मोटारीचा नाही.

कोपनहेगनच्या परिसरात मोठी कचेरी बांधायची तर ती स्टेशनपासून ६०० मीटरांच्या आत, असा दंडक आहे. ६०० मीटर म्हणजे सात-आठ मिनिटांची चाल. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी या स्टेशनांभोवती एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढून त्यात काय काय आहे हे कोणीही सुटीच्या दिवशी पायी पाहून येऊ शकतं. आसनगावला मी ते केलं. रिक्षांची रांग, दुचाक्यांनी भरलेली मोकळी जागा, वडापावच्या गाड्या, काही चाळी, काही नव्या इमारती, आणि बराचसा भाग असा की जिथे कडेने सुरक्षित चालायला पदपथच नाही. तहसील कचेरी, न्यायालय, मोठी बाजारपेठ हे सारं दोन-तीन किलोमीटरवर शहापुरात. जुन्या गावाला स्टेशनाजवळ उचलून आणता येणार नाही, पण त्या दोन-तीन किलोमीटरांचा सावलीचा, सायकलीचा रस्ता करता येईल. चढ फारसा नाही. शाळा-कॉलेजची मुलं रोज ये-जा करतात. इतक्या कमी खर्चात इतकं पेट्रोल वाचवणारं दुसरं काम मला या तालुक्यात सुचत नाही.

व्हिएन्नात माझी भाची संशोधनासाठी राहते. तिने मला आस्पर्नची झेश्टाट दाखवली. जुन्या विमानतळाच्या जागेवर वसवलेलं नवं उपनगर, वीस हजारांहून अधिक माणसांसाठी आखलेलं, मधोमध खोदलेलं तळं. तिथे मेट्रोचा यू-२ मार्ग पोहोचला ऑक्टोबर २०१३ मध्ये, आणि पहिले रहिवासी राहायला आले २०१४ मध्ये. आधी गाडी, मग माणसं. सुरुवातीला ती मेट्रो जवळजवळ रिकाम्या मैदानात थांबत असणार, आणि त्यावर टीकाही झाली असेल. पण घर घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून मोटारीशिवाय जगायची सवय लावून घेतली. एकदा मोटार दारात आली की नंतर मेट्रो येऊनही ती सहसा जात नाही. व्हिएन्नाने २०१२ पासून बरीच वर्षं वार्षिक पास ३६५ युरोंना दिला, दिवसाला एक युरो.

पण व्हिएन्नात मी सर्वांत जास्त रमले ती पाण्यात.

पहिल्याच दिवशी बाटली घ्यायला दुकानाकडे वळले तर भाची म्हणाली, "मावशी, नळाचं पी. थेट डोंगरातलं आहे." शहरात हजाराहून अधिक सार्वजनिक पाणपोया आहेत आणि त्यांतून येणारं पाणी खरोखरच झऱ्याचं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे शहर विहिरींचं आणि डॅन्यूबच्या कालव्याचं पाणी पीत होतं. टायफॉइड आणि कॉलरा पाचवीला पुजलेले. एडुआर्ड झ्यूस या भूवैज्ञानिकाने आग्रह धरला की पाणी श्नेबेर्ग आणि राक्स या डोंगरांतून आणावं. (गोंडवनभूमी हे प्राचीन खंडाचं नाव ज्याने जगभर रूढ केलं, तोच हा झ्यूस. आपल्या गोंडवनाचं नाव त्याच्या ग्रंथातून भूगोलाच्या पुस्तकांत गेलं.) २४ ऑक्टोबर १८७३ ला पहिली जलवाहिनी सुरू झाली. दुसरी १९१० मध्ये, स्टायरिया प्रांतातल्या होखश्वाब डोंगरातून, १८० किलोमीटर लांबीची. त्या वाहिनीतलं पाणी शहरात पोहोचायला सुमारे ३६ तास घेतं, आणि हा सगळा प्रवास उतारावरून. वाटेत पंप नाहीत. उलट जिथे पाणी जास्त उंचीवरून पडतं तिथे टर्बाइन बसवून वीज काढली आहे. ज्या कामाला दुसऱ्या शहरांना वीज विकत घ्यावी लागते, त्या कामातून व्हिएन्ना वीज कमावतं.

झऱ्यांच्या वरचं जंगलही त्या शहराने स्वतःकडे घेतलं. तीस हजार हेक्टरांहून अधिक रान शहराचं वनखातं सांभाळतं. तिथे झाड कोणतं तोडायचं, गुरं कुठे चारायची हे पाण्याकडे बघून ठरतं. २००१ साली व्हिएन्नाने आपल्या पाण्याला घटनात्मक संरक्षण दिलं.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर शहापूर होतं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत. मोडकसागर आणि मध्य वैतरणा याच डोंगररांगांत शेजारी. तानसा धरण पुरं झालं १८९२ साली, व्हिएन्नाच्या पहिल्या जलवाहिनीनंतर १९ वर्षांनी. तेही त्याच विचाराने: डोंगरात बांध, खाली शहर, मधे नळ, आणि पाणी आपल्या वजनाने वाहणारं. त्या काळच्या अभियंत्यांपुढे दुसरा मार्गही नव्हता. उतार फुकट होता आणि पंप महाग. तानसा-वैतरणेचं पाणी आजही बव्हंशी उतारानेच भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत जातं. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा एकट्या भातसाचा. ते नदीतून वाहत पिसे बंधाऱ्याशी येतं, तिथे मोटारींनी उचललं जातं आणि पांजरापूरला शुद्ध होऊन पुढे जातं. म्हणून पिसेला वीज गेली की मुंबईत पाणीकपात जाहीर होते.

व्हिएन्नाशी साम्य इथपर्यंत आहे. पुढे ते तुटतं. दर उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या गावपाड्यांना टँकर लागतात. डोळखांब, कसारा, खर्डी या पट्ट्यांत बायका डोक्यावर हंडे घेऊन तळ गाठलेल्या विहिरीकडे जातात, आणि त्यांच्या पाड्यापासून काही मैलांवर महानगराचं पाणी भरलेलं असतं. हे शहापूरकरांना कोणी नव्याने सांगायला नको. मला फक्त त्यातली ऊर्जेची बाजू पुढे मांडायची आहे. टँकर डिझेलवर चालतो. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन वजन. ते चढाच्या रस्त्याने पाड्यापर्यंत न्यायचं आणि विहिरीत ओतायचं, ही पाणी पोहोचवण्याची सर्वांत महाग आणि सर्वांत उधळी रीत. गावोगावच्या नळपाणी योजनाही मोटारीवर चालतात. वीजबिल थकलं की जोडणी तुटते, आणि टाकी कोरडी पडते.

यावरचा उपाय व्हिएन्नाहून आणायची गरज नाही. इगतपुरी तालुक्यातलं भावली धरण घाटमाथ्यावर आहे, शहापूरची गावं त्याच्या कितीतरी खाली. तिथून गुरुत्वाकर्षणाने नळ उतरवून शहापूरच्या शेकडो गाव-पाड्यांना पाणी द्यायची योजना मंजूर झालेली आहे. पंप नाही, बिल नाही, बिल थकायचा प्रश्न नाही. या योजनेला उशीर होतो तेव्हा तो रुपयांतच मोजला जातो. तो लिटर डिझेलमध्येही मोजावा, आणि बायकांच्या पायपिटीतही. आणि मुंबईने हे एक लक्षात ठेवावं की ज्या डोंगरातून पाणी येतं, त्या डोंगरातल्या माणसांचं आधी भागवायचं.

शहापूरच्या डोळखांब बाजूला सह्याद्रीच्या पायथ्याशी चोंढे नावाचं गाव आहे. वर, कड्याच्या माथ्यावर, अकोले तालुक्यातलं घाटघर. दोन्हीकडे एकेक जलाशय, मधे चारशे मीटरांच्या आसपासची उंची, आणि डोंगराच्या पोटात १२५ मेगावॅटची दोन यंत्रं. हा घाटघर उदंचन प्रकल्प, जपानच्या अर्थसाहाय्याने बांधलेला आणि २००८ पासून चालू. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी सगळीकडे दिवे लागतात तेव्हा ते खाली सोडून वीज करायची. चढवायला शंभर युनिट लागली तर परत पंचाहत्तर-ऐंशी मिळतात. उरलेली ही साठवणुकीची किंमत. ऑस्ट्रियात काप्रुनच्या धरणांवर पर्यटकांना बसमधून नेतात, यंत्रणा समजावून सांगतात, वर उपाहारगृह आहे. चोंढ्याला तसं काही नाही. ठाणे जिल्ह्यातल्या किती शाळांच्या सहली तिथे जातात? सूर्य आणि वारा यांच्या विजेचा पुढचा सगळा पसारा अशा साठवणुकीवर उभा राहणार आहे, आणि ती शहापूर तालुक्यात पंधरा वर्षांहून अधिक काळ काम करते आहे.

कसाऱ्याच्या घाटाचीही अशीच एक गोष्ट आहे. ती सुरू होते झुरिचजवळच्या विंटरथूर शहरात. तिथल्या जुन्या कारखान्यांच्या शेडमध्ये आता घरं आणि कॉलेज आहेत. वास्तुकलेचा विभाग सुल्झर कंपनीच्या एका भल्यामोठ्या शेडमध्ये भरतो. उभी इमारत पाडून नवी बांधण्यात जे सिमेंट आणि पोलाद जातं, ते वाचवायचा हा सरळ मार्ग. याच शहरातल्या स्विस लोकोमोटिव्ह अँड मशीन वर्क्सने १९२८ च्या सुमारास कसारा आणि बोरघाटासाठी विजेची मालगाडी-इंजिनं बनवायला घेतली. पहिली काही इथली, बाकीची इंग्लंडात बनली. तीन तुकड्यांत सांधलेलं लांबलचक अंग. स्वित्झर्लंडात त्यांच्या भावंडांना मगर म्हणत, आपल्या रेल्वेवाल्यांनी त्यांना खेकडा म्हटलं. ३७ मीटर चालावं तेव्हा एक मीटर चढणारा तो घाट. गाडी उतरताना ब्रेकच्या घर्षणात ऊर्जा जाळण्याऐवजी या इंजिनांच्या मोटारी उलट चालून तारेत वीज परत देत, आणि ती चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. आज आसनगाव-कसाऱ्याच्या नव्या लोकल दर स्टेशनला थांबताना हेच करतात. वापरलेल्या विजेतला तिसरा हिस्सा अशा रीतीने परत मिळतो.

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावकडे निघालं की रस्ता शाई आणि काळूच्या खोऱ्यांतून जातो. भातखाचरं, बांधावर साग आणि मोह, मधेच राबासाठी भाजलेली काळी जागा. वस्तीत जुनी आणि नवी घरं शेजारी शेजारी दिसतात, आणि इथे मला आठवलं ते कोपनहेगन नाही, सेव्हिल.

युरोपातल्या ऊर्जाबचतीच्या घराचं जे वर्णन आपण वाचतो, ते बहुधा उत्तरेचं असतं. १९९१ साली जर्मनीत डार्मश्टाटला बांधलेलं पहिलं पॅसिव्ह हाऊस: जाड उष्णतारोधक भिंती, तिहेरी काचा, हवा कुठून गळणार नाही अशी बांधणी. फ्रायबुर्गच्या व्होबाँ वस्तीत अशी घरं मी पाहिली, सौर छपरांची, मोटारी वस्तीच्या कडेला ठेवायला लावणारी, आणि ती मनापासून आवडली. पण ती थंडीशी लढतात. एप्रिल-मेमध्ये मुरबाडचा पारा चाळिशी ओलांडतो. आपलं युद्ध उन्हाशी आणि चार महिन्यांच्या ओलीशी आहे. त्यासाठी गुरू करायचा तर स्पेनच्या दक्षिणेतल्या सेव्हिलला करावा. तिथेही उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरची घरं एकमेकांवर सावली धरतात. बाजारपेठेच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात या छपरापासून त्या छपरापर्यंत कापडं ताणतात. घराच्या मधोमध चौक, त्यात झाडं आणि पाणी. खिडकीला बाहेरून गुंडाळीचं झापड, ते सकाळी दहालाच खाली ओढतात. ऊन काचेला लागूच द्यायचं नाही. एकदा काचेतून आत आलं की मग पडदा लावून उपयोग नसतो, उष्णता खोलीत आलेली असते. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना कडवट संत्र्यांची झाडं. याच शहराने २००६ नंतर थोड्याच वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटरचे सायकलमार्ग केले, आणि त्या उन्हातही माणसं ते वापरतात.

आता किन्हवलीच्या रस्त्यावरचं कुडाचं घर पाहा. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. वर कौलं, त्यांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते. छपराची वळचण इतकी खाली उतरलेली की भिंतीला ना ऊन लागतं ना पावसाची झड. पुढे पडवी. झापडाचं काम ही पडवी बाराही महिने करते. शेजारी नवं पक्कं घर: स्लॅब, एका विटेची भिंत, पश्चिमेला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, वर छज्जा नाही. सरकती खिडकी उघडली तरी अर्धीच उघडते, म्हणजे वारा अर्धा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत ओततो. घरमालकाला मी दोष देणार नाही. कुडाला दरवर्षी लिंपण लागतं, कारवी आणायला रानात जावं लागतं, वाळवी लागते, आणि सरकारी घरकुलाचा हप्ता पक्क्या बांधकामालाच मिळतो. पक्कं घर ही सन्मानाची गोष्ट आहे आणि ती प्रत्येकाला मिळायला हवी. पण पक्क्या घराला पडवी का नसावी? स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचा हात, खिडकीवर दोन-अडीच फूट छज्जा, पश्चिमेच्या भिंतीवर वेल किंवा बांबूची चटई, पूर्ण उघडणारी झडपांची खिडकी. हे सगळं इथला गवंडी आजही करू शकतो, सांगितलं तर. पंखा आणि कूलर उशिरा लागतात, आणि एसी कदाचित लागतच नाही.

मोठ्या इमारतींसाठी कागदावर नियमही आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये इको निवास संहिता काढली. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या रहिवासी इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा तीत घातली आहे. ती स्थानिक बांधकाम नियमांत आली, तरच तिचा उपयोग. आसनगाव-वाशिंदचे टॉवर या मापात बसतात. पुढची तीस-चाळीस वर्षं तिथल्या कुटुंबांचं वीजबिल किती येणार, ते आज त्या भिंतींत बांधलं जात आहे.

सरळगावला मुख्य रस्त्याला लागलं की एका हाताला माळशेज, दुसऱ्या हाताला मुरबाड. माळशेजच्या बाजूला वैशाखरे गावापासून नाणेघाटाची वाट वर चढते, जिच्यावरून सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल देशावर जात होता. रोमशी व्यापार करणारी बंदरं ती. घाटाच्या वाटेवर खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. वाटसरू आणि बैल पायी जाणार, तर पाणी कुठे लागेल हे आधी ठरवून मग रस्ता केलेला.

मुरबाडच्या दिशेने मात्र दोन्ही बाजूंना फलक लागतात. एनए प्लॉट, फार्महाऊस, सेकंड होम, डोंगर दिसणारी बाल्कनी. कुठे कुंपण आणि आत एकच घर, शनिवार-रविवार उघडणारं, पोहण्याच्या तलावासह. पाच दिवस रिकाम्या असणाऱ्या या घरांसाठी डांबरी रस्ता, विजेचे खांब, बोअरवेल. दोन रेल्वेफाट्यांच्या मधला हा हिरवा मुलूख आहे. डेन्मार्कने जे बेचकं कायद्याने राखलं, ते आपल्याकडे गुंठ्याच्या भावाने विकलं जात आहे. आणि हेच खोरं महानगराला आणखी पाण्यासाठी हवं आहे: काळू आणि शाई या नद्यांवरच्या प्रस्तावित धरणांना इथल्या आदिवासींचा विरोध वर्षानुवर्षं चालू आहे. पाणी हवं असेल तर पाणलोटातलं रान हवं, आणि त्यात राहणारी माणसं त्याची राखण करायला हवीत. फार्महाऊसची कुंपणं ते करणार नाहीत.

वाढ थांबवा असं कोणी मुरबाडकर म्हणणार नाही, मीही नाही. मुलांना कॉलेजला कल्याण गाठावं लागतं, औद्योगिक वसाहतीतल्या नोकऱ्या पुरत नाहीत, रात्री दवाखान्यात न्यायचं तर खासगी गाडी बोलवावी लागते. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला आहे. शहापूरजवळ खुटघरला त्यावरून उतरता येतं. वेग आला, आणि वेगाबरोबर जमिनीचे सौदे आले. मोटार असलेल्याला हा रस्ता फार जवळचा. मोटार नसलेल्यासाठी प्रश्न रेल्वेचाच राहतो.

कल्याण ते मुरबाड, सुमारे २८ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची मागणी कित्येक वर्षांची आहे, आणि तो रेल्वेच्या कागदांत मंजूरही आहे. मुरबाडचं स्टेशन नेमकं कुठे येणार, याची चौकशी आज जमिनीचे दलाल करतात. ती नगरपंचायतीने करायला हवी, आणि रूळ पडायच्या आधी. झेश्टाटचा क्रम इथे अजून शक्य आहे, कारण इथे मुळात काहीच पडलेलं नाही. स्टेशनच्या सात-आठ मिनिटांच्या चालीत एसटीचा थांबा, आठवडे बाजाराचे ओटे, मुलींचं वसतिगृह, दवाखाना आणि कामगारांना परवडणारी तीन-चार मजली घरं यांची जागा आत्ता राखून ठेवता येईल. जुन्या गावठाणापासून तिथवर झाडांचा रस्ता आत्ता लावला, तर गाडी येईपर्यंत वड-पिंपळ नाही तरी करंज आणि कडुनिंब सावली द्यायला लागतील. आणि त्या वर्तुळाच्या बाहेर, बारवी आणि काळू नद्यांकडे उतरणाऱ्या जमिनींवर, बिगरशेतीच्या परवानग्या देताना पुढच्या पिढीच्या पाण्याचा विचार तहसील कचेरीत टेबलावर असावा. मुरबाडच्या ग्रामसभांनी आणि नगरपंचायतीने ही मागणी रेल्वेच्या मागणीबरोबरच, त्याच निवेदनात लिहावी.